सोजराबाईचा सत्कार

बसा बाई, बसा, बाज मजबूत हाय. आज आभाळ कसं भरून आलंय बघा — ऊन न्हाई, पाऊसबी न्हाई, सकाळपासून चुलीचा धूर वर जाईना, छपराखालीच घुटमळून राहिला. डोळे चोळू नका, आनिक चुरचुरतात. व्हय, तुमी सोजराबाईला न्यायला आल्या, हिंगोलीला दुपारी सत्कार हाय, कालच निरोप आला मला. लुगडं तुमीच पसंत केलं का? बघू. हिरवं हाय. काठबी रुंद हाय. बरं हाय. ठेवा पिशवीत, धुराचा वास लागंल त्याला. सोजरा? ती आत — तुमी चहा घ्या आधी.

मला न्हाई म्हणता येत न्हाई, बाई, हीच तकलीफ. तवाबी तसंच झालं. रतनसिंग किराणावाले, त्यांच्याकडनं मी बेसन आणतो, ते म्हणले संतरामबुवा, आपला जिल्हा नवा झाला, आता मेळावे व्हायलेत, मंगल कार्यालयात एका अंगाला आमी धंदेवाले, एका अंगाला पेपरवाले, वळख व्हते, पेपरात नाव येतं, तुमीबी चला. मी म्हणलं, मला अक्षर कळत न्हाई, पेपरशी माझी वळख भजे बांधण्यापुरती. ते हसले, अन् नेलंच. सदऱ्याला नावाची चिठ्ठी टाचली. आमी आपापल्या टेबलाला बसून, अन् तुमी लोक घंटी वाजली की उठून पुढल्या टेबलावर — पंगतीसारखं, फक्त वाढायला कुणी न्हाई. माझ्यापुढं पयला आला त्यानं इचारलं जाहिरात देता का. दुसऱ्यानं माझ्या धोतराकडं बघितलं अन् सरबत प्यायला गेला, तो गेलाच. मंग तुमी आल्या.

तुमी बराबर इचारलं, बाबा, तुमच्या हाटेलात पिठलं कोण करतं. मी म्हणलं, सोजरा करते. काहून म्हणलो? तोंडाला तेच वळण हाय. मंग तुमी म्हणल्या, कसं करतात त्या? — हे कुणी इचारलंच नव्हतं बाई. तिचं नाव कुणी काढत नव्हतं माझ्यापुढं, म्हाताऱ्याला तरास नको म्हणून पिकाचं बोलायचे, पाण्याचं बोलायचे. तुमी पेन काढून बसल्या. मंग मी सांगत गेलो — लसूण ठेचते, मिरची तव्यावर भाजते, बेसन हातानंच सोडते, भाकर थापायच्या आधी बांगड्या कोपराकडं सारते — मी सांगत राहिलो अन् ती करत राहिली माझ्यापुढं. आता पुढचं सांगतो, असं म्हणणारच व्हतो. घंटी वाजली. तुमी उठल्या.

कळलं न्हाई अजून? — व्हय. गेली ती. पोळ्याच्या आदल्या दिवशी. ताप व्हता, वाटलं उतरंल. मेळाव्याच्या कितीतरी आधी गेली. बसा माय, उठू नका. तुमचा दोष न्हाई. करतं कोण असं इचारलं तुमी, जित्ती हाय का असं कोण इचारतं.

पिठलं? मीच करतो की. तुमी पेपरात तिचं लिहिल्यापासून गाड्या थांबून राहिल्या. वाशिमचे लोक येतात, कात्रण दाखवतात, म्हणतात सोजराबाईच्या हातचं द्या. मी आत तोंड करून म्हणतो, सोजरा, दोघांचं टाक — अन् आत जाऊन मीच टाकतो. खाऊन म्हणतात, बाबा, त्यांना सांगा, झकास झालंय. मी म्हणतो, सांगतो. सांगतोबी. ती व्हती तवा मी तिला नावानं हाक मारत नव्हतो, नुसतं ‘आगं’ म्हणायचो. नाव आता घेऊन राहिलो. रडू? न्हाई आलं. तवाबी न्हाई, आताबी न्हाई. हाताला कापड गुंडाळल्यावानी झालंय सगळं. हे बघा, मनगटावर — तव्याचं हाय. पोळलं तवा कळलंच न्हाई, मागून फोड दिसला.

तुमची नोकरी — हां. ते माझ्या ध्यानात आलं न्हाई माय. खोटं छापलं म्हणतील का तुमाला? तर म्हाताऱ्यानं फसवलं म्हणून सांगा, खुशाल सांगा. माझ्या गिऱ्हाइकाचं काय व्हईल ते व्हईल. ट्रकवाले काही पेपर वाचून थांबत न्हाईत.

काय म्हणता? आजारी हाय म्हणून सांगू, तुमीच चला, लुगडं तिच्या वतीनं घ्या? — काल म्हणल्या असत्या तर आलो असतो. खरं सांगतो. कोट काढून खुंटीला अडकवलाय, बघा तुमी. वाटलं, भोंग्यातनं नाव पुकारतील, सोजराबाई संतराम, लोक टाळ्या वाजवतील. जल्मभर ह्या छपराखाली राहिली, एकदा तरी ऐकावं वाटलं. ती न्हाई हे तिथं कुणाला ठाऊक हाय? तेवढ्यापुरती ती आजारी, घरी पडलेली. मी लुगडं घेऊन येतो, अन् ती — व्हय, असंच वाटलं मला. रातभर वाटलं.

न्हाई बाई. नाव पुकारू नका. पेपरात काय लिहायचं ते तुमी लिहा, मला कुठं वाचता येतं. लुगडं न्या. तिथं दुसरी कुणी करती-सवरती बाई असंल, तिला द्या. जा आता, मला कणकेचं बघायचंय.

काहून बदललं? — सकाळी शेजारची मंजुळाबाई आली सरपण मागायला. सोजरा गेली त्या दिवशी तिच्याजवळ हीच व्हती, न्हाऊ घालायला. सत्काराचं मीच सांगितलं तिला, जरा खुशीतच सांगितलं, लुगडं देणार हायेत म्हणलं. सरपण हातात घेऊन ती दारात तशीच उभी राहिली. मंग म्हणली, ‘सोजराला शेवटचं लुगडं मी नेसवलंय, दादा. त्याच्यावर आता दुसरं नेसवू नका.’