अप्पाच्या वल्ह्याची खाच

काशप्पा : गुरप्पाचं इंजिन पाच घोड्यांचं हाय न्हवं? मग माझ्या नावंला दहाचंच बसवा, मिस्त्री.

सिद्धलिंगप्पा : इंजिन नावंला बघून घ्यायचं असतंय अण्णा, भावाला बघून न्हाई. ही पडली जुनी नाव. एवढं वजन मागं टांगलं, तर भर मांजरा नदीत फळी उपटून इंजिन तळाला जाईल.

काशप्पा : त्यानंच शिकवून धाडलंय व्हय तुमाला?

चंद्रम्मा : अवो, पारखून घ्या म्हणून मिस्त्रींनी हैद्राबादहून पाचाचं अन् दहाचं, दोन्ही इंजिनं आणली. त्यांच्यावर कामून डाफरायलाव?

काशप्पा : तुला काय जातंय बोलायला! सख्खा धाकटा भाऊ फटफट करीत पैलतीर गाठायलाय, बाजारची सारी माणसं त्याच्याच नावंत. अन् मी हितं बांबू टेकीत हुबा. व्हय, दुखतंय माझ्या पोटात!

सिद्धलिंगप्पा : मग पाचाचं घ्या, भागतंय. पर ह्याचा पाय आखूड, अन् तुमची मागची फळी उंच. पंखा पाण्यात पुरता बुडायचा न्हाई, नुसता फेस काढील. फळी मधोमध चार बोटं कापावी लागंल.

काशप्पा : मधोमध? तितं आमच्या अप्पाच्या वल्ह्याची खाच हाय. चाळीस वर्सं वल्हं घासून पडलीय ती.

सिद्धलिंगप्पा : इंजिन तितंच बसतंय, अण्णा. बाजूला बसवलं तर नाव गोल फिरंल.

चंद्रम्मा : पोलीस ॲक्शनच्या साली वाटणी झाली, तवा भावजी म्हणले, शेत तुमी घ्या, अप्पाची नाव मला द्या. तुमी दिली न्हाई.

काशप्पा : थोरल्याची हाय ती. बसवण्णाची आण, देणार न्हाई.

चंद्रम्मा : आजून बी तुमी पान खायला वर गेलाव, की भावजी येतेत अन् त्या खाचंत हात घालून बसतेत.

काशप्पा : माझ्या नावंला हात लावतो?

चंद्रम्मा : तुमी त्यांच्या इंजिनावर जळायलाव, ते तुमच्या फळीवर. एका आईची लेकरं, दुसरं काय!

काशप्पा : (खाचेवरून हात फिरवत) कापा, मिस्त्री. पर खाच सबंध निघाली पायजे. तिला करवत लागू देऊ नका.

(करवत चालते, थांबते.)

सिद्धलिंगप्पा : निघाली, अण्णा. सबंध. हा तुकडा चुलीला देऊ?

काशप्पा : चुलीला कामून? पैलतीराला जायलाव न्हवं? गुरप्पाला द्या.

चंद्रम्मा : बसवण्णा पावला म्हणायचा!

काशप्पा : अन् त्याला सांगा मिस्त्री, बाकीची नाव माझ्याकडंच हाय.