ताईच्या थर्मासमधला चहा

हॅलो?… हां ताई, बोल. दुकानातच आहे… एक काका आहेत, भिंतीवरची अक्षरं वाचतायत. तू बोल.

…डोळे? पिवळेच आहेत अजून. चष्म्याच्या दुकानात चहूकडे आरसे, विसरायची सोय आहे का?… नाही गं, प्यायलो नाहीये! सकाळची वेळ आहे, ताई!

…भाऊजी म्हणतात? ते शनिवारी झिंगून येतात तेव्हा 'दमलेले' असतात. मी मात्र दारुडा. छान.

…अगं रडू नकोस, ऐक ना… हो, डॉक्टरकडे जाऊन आलो. यकृताची सूज वाढलीये. विचारत होते, आणखी काही घेता का, काढा, चूर्ण? म्हटलं, छे, आमची ताई रोज थर्मास भरून देते तो चहा तेवढा…

का गं? चहाचं काय?

…काय घातलंस?

…थांब, थांब. दारू सोडवायची पावडर? माझ्या चहात? रोज?… 'न सांगता द्यायची असते.' वा! आणि असतं काय त्यात?… डबीवर लिहिलेलं नाही. नुसतं रडणाऱ्या बाईचं चित्र. मग काय, खात्रीचं औषध!

…गुण येणार कसा? मी आयुष्यात थेंब घेतला नाही गं!… बोललो नाही, कारण दारुडा म्हटलेलं परवडत होतं.

थांब, आत जातो… काका, तुम्ही वाचत राहा, आलोच.

हां. नीट ऐक. मी गोळ्या घेतो. कितीतरी वर्षं झाली. त्यांचाच त्रास होतोय यकृताला, डॉक्टर बदलून देणारेत. त्यात तुझ्या पावडरीची भर… कसल्या म्हणजे?… एचआयव्हीच्या.

…हॅलो? ताई?

…हो. तेच… नाही, चहाने होत नाही. कपानेही नाही. शेजारी बसून तर मुळीच नाही… अगं, सांगायला भीती वाटली. तुझीच. दुसऱ्या कुणाची वाटणार?

…बरं, ती डबी टाकू नकोस. डॉक्टरांना दाखवायचीये. संध्याकाळी थर्मास द्यायला येतो, तेव्हा नेतो… काय?… राहू दे? मलाच ठेवू?

…नवा आहे गं तो. हौसेने घेतलायस…

…हो, हो. कळलं. नाही, रागावलो नाही. दारुड्याचा थर्मास मात्र रोज घेत होतीस हं परत, धुऊन, पुसून… बरं, डबी दाराबाहेर ठेव. तिथूनच उचलतो. मी आत नाही ये… हॅलो?

हॅलो? ताई?