बारदान वजा जाता

माझं वजन नक्की किती, ते मला अजून कळलेलं नाही. ऐका.

चार महिने रोज पहाटे चाललो, साखर सोडली, आणि भाचीच्या लग्नात सात जिलब्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी घरचा काटा म्हणाला, शहाऐंशी. म्हटलं, संपलं सगळं, आता सोडूनच द्यावं. तरी खात्री करायला मार्केट यार्डात शेजारच्या शेखकाकांच्या कांद्याच्या गाळ्यावर गेलो आणि त्यांच्या मोठ्या काट्यावर उभा राहिलो.

"चौऱ्याऐंशी," काका म्हणाले.

"अहो, जिलब्या खाऊन दोन किलो कमी?"

"दोन किलो बारदान वजा केलं."

"मी काय पोत्यात आलोय?"

"कपडे, बूट, पाकीट. पोत्याचं वजन कांद्यात धरतात का?"

"आणि जिलब्या?"

"त्या कालच्या. बारदानातच धरा."

"म्हणजे चालणं चालू ठेवू?"

"कांदा रोज मोजला म्हणून लवकर सुकतो का? हवा लागू द्या, घटतो आपोआप."

गोंधळून घरी आलो. बायकोनं विचारलं, "किती भरलं?"

"बारदान वजा जाता चौऱ्याऐंशी."

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "यातलं बारदान कुठं संपतं, तेवढं दाखवा."