आणि साथीदार

मंडळी, ऐका. आज मला एका जागी उभं राहवत नाही, सांभाळून घ्या. एकच प्रश्न विचारतो. कुणाची वस्तू उचलली, तर ती चोरी. मग ज्यानं काम केलं त्याचं नावच घेतलं नाही, तर ते काय? हं? "विसरलो महाराज" — असं म्हणता ना! स्वतःचं नाव विसरलात कधी?

बरं. वाळव्याकडं बोरगाव आहे, तिथले आप्पा लोहार, पखवाजवाले. एका महाराजांच्या मागं उभं राहून बावीस वर्षं वाजवलं. त्या महाराजांच्या अभंगांच्या सात कॅसेटी निघाल्या, सातही कॅसेटींत पखवाज आप्पांचा. आता काचबिंदूनं डोळे गेले, हात थरथरतो. पखवाज गवसणीत गेला तो गेलाच.

मध्यंतरी त्यांची लेक हौसा सांगलीहून आली, ती एक डबा घेऊन — तोच, बोललं की गाणारा! हसताय म्हणजे तुमच्याही घरी आहे. म्हणाली, "आप्पा, बघायला नको, बटण नको. नुसतं सांगायचं." आप्पांनी काय केलं असेल? टोपी नीट केली! डब्यापुढं! आणि स्वतःचं पूर्ण नाव सांगून म्हणाले, "बाई, यांचा पखवाज लावा."

डबा म्हणाला, "या नावाचा कलाकार सापडला नाही."

मग हौसानं महाराजांचं नाव घेतलं — लगेच सुरू! आप्पा ताठ बसले. "ह्योच. ह्यो माझाच हात. इचार, पखवाज कुणाचा?" डबा म्हणतो, "ही माहिती माझ्याकडे नाही."

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "हौसा, मी वाजवलंच न्हाई काय गं?"

मंडळी, काय उत्तर द्यावं लेकीनं?

तिनं कॅसेटी काढणाऱ्या कंपनीला फोन लावला. तिथला माणूस सरळ होता. म्हणाला, "बाई, आमच्याकडं नावांची यादी आली ती आम्ही भरली. यादीत महाराजांचं नाव आहे, आणि खाली लिहिलंय — 'आणि साथीदार'. डबा दुसरं कुठून सांगणार?" यादी लिहिली कुणी? तर महाराजांनी. स्वतःच्या हातानं.

हौसा तडक महाराजांच्या दारात. महाराज म्हणाले, "अगं, हे भगवंताचं काम. इथं नाव कशाला? नावानं अहंकार वाढतो."

हौसा म्हणाली, "मग तुमचं तेवढं कसं लिहिलं, महाराज? तेही 'हभप' लावून?"

...पाणी द्या जरा.

उगाच तिसऱ्याची गोष्ट सांगतोय. तो महाराज मीच, मंडळी. अभंगाच्या शेवटच्या चरणात संतांनी आपलं नाव घातलं, ते मी तीस वर्षं गातोय. माझ्या मागच्या माणसाला मात्र ओळ सोडाच, एक शब्द दिला नाही.

लगेच कागद घेतला, म्हटलं नवी यादी लिहितो. पेन टेकवलं — आणि थांबलो. आप्पा हे काही नाव नव्हे! त्यांचं नाव काय? बावीस वर्षं एका जीपमधून हिंडलो, एका ताटात जेवलो. नाव माहीत नाही! लाज वाटली. गेलो बोरगावला, दारातच पायरीवर बसलो. "आप्पा, पूर्ण नाव सांगा."

"तातोबा बाळू लोहार," आप्पा म्हणाले. "पण थांबा महाराज. टाळावर दशरथ माने असायचा, तो वारला. त्याला काय आता डबा इचारता येत न्हाई. त्याचं आधी लिवा."

रागावले असते तर बरं झालं असतं हो!

यादी पाठवली. आज सकाळी हौसाचा फोन आला. डबा नाव सांगायला लागला — पाच कॅसेटींवर. आप्पा उठल्यापासून तेच विचारतायत, तेच ऐकतायत. उरलेल्या दोन कॅसेटींची यादी माझ्याकडंच अडलीय. त्यांत चिपळ्या कुणाच्या, पेटी कुणाची, मला आठवत नाही. माणसं डोळ्यांपुढं येतात, त्यांची हाक मारायची नावं येतात, पूर्ण नाव येत नाही. म्हणून आज पाय स्थिर नाहीत.

आता तुम्ही. घरी भाकरी थापणारीचं नाव शेवटचं कधी घेतलंत? लग्नपत्रिकेत 'आणि समस्त परिवार' लिहिता, त्यात राबलं कोण? आणि लांब कशाला जायचं, या मंडपाबाहेर बोर्ड लावलाय तुम्ही. माझा फोटो केवढा! खाली बारीक अक्षरात — 'साथ: भजनी मंडळ'.

अध्यक्ष, उठा. रंग नसेल तर खडू आणा. हे मागं उभे आहेत ना, एकेकाला पूर्ण नाव विचारा आणि बोर्डावर लिहा. वडिलांच्या नावासकट. मी इथंच उभा आहे.

तोवर आरती नाही.