पालथ्या व्हीत अडकलेलं नाव

…अन् वर म्हणतात, जीभ खालीच ठेवा! सांगा, जीभ खाली ठेवून बोलणारी बाई तुमी कधी पाहिली का? माझी तर जन्मात खाली बसली न्हाई. पण इंग्रजीचा कारभारच निराळा… तिथं आधी जीभ कुठं ठेवायची ते ठरवायचं, मग ओठ कसे धरायचे ते ठरवायचं, अन् मग बोलायचं! तोवर समोरचा माणूस जेवून झोपला न्हाई का?

तुमाला सांगते, आमची सून पद्मा, सोनाजीची बायको, हिंगोलीच्या ट्रेनिंग कॉलेजात मास्तरीण व्हायला शिकून राहिली. इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत पास झाली तर डोंगरकड्याच्या शाळेत इंग्रजीची बाई. अन् नापास झाली तर? तर आमच्या घरधन्याचा हुकूम आधीच सुटलेला, "पुस्तकं रद्दीत, अन् जूनपासून खुरपं हातात!" मी म्हणलं, खुरपं तुमी धरा, पोरगी शिकल! म्हणलं खरं, पण परीक्षा कशाची? तर नुसत्या स्वरांची!

मला वाटलं, अ आ इ ई, हाय काय त्यात? मी शाळेची पायरी चढले न्हाई. किराण्याच्या पुडीच्या कागदावरून मराठी शिकले, सोनाजीच्या पाटीवरून इंग्रजी अक्षरं उचलली, कुणाची मेहरबानी न्हाई! म्हणलं, "पद्मे, आण पुस्तक, मी घेते अभ्यास." तर ही म्हणते, "आत्याबाई, इंग्रजीत स्वरांची अक्षरं पाच, पण आवाज वीस." आँ? पाच लेकरं अन् हाका वीस? "म्हणून तर उच्चार लिहायला येगळी चिन्हं केलीत," म्हणे. अन् ती चिन्हं काय सांगू! एक ई डोक्यावर उभा, एक सी पाठ फिरवून रुसलेला, अन् व्ही तर चक्क पालथा घातलेला, धुतलेल्या वाटीवानी! मी म्हणलं, "पोरी, छापखान्यावाल्यानं फसवलं तुला, खिळे उलटे बसवले, जा बदलून आण!" ती हसून हसून आडवी.

अन् काही चिन्हांम्होरं दोन टिंबं. मी आपला दुःखातला विसर्ग समजून दणक्यात वाचलं, "शिः! काः! बिः!" शेजारची सखुबाई लगेच कुडावरून डोकावली, "केशरबाई, काहून शिः शिः करून राहिल्या माझ्याकडं पाहून?" आता तिला काय सांगू, की बाई, ती टिंबं स्वर लांबवायची हायेत, तुझा काही संबंध न्हाई!

मग पद्मीनं चौकोन काढला. एक पाय तिरका झालेल्या बाजेवानी. म्हणे, हे आपलं तोंड! जीभ पुढून उचलली अन् ओठ फाकवले की ई. मागून उचलली अन् ओठांचा चंबू केला की ऊ. पार तळाला टेकवली की आ. मधोमध ऐसपैस सोडली, ओठ ना फाकले ना चंबू, की तो पालथा व्ही, आपल्या अ वानी. असे करत करत झाले बारा साधे. वरचे आठ जोडस्वर, आपल्या ऐ-औवानी, जीभ एका घरून निघते अन् दुसऱ्या घराच्या वाटंला लागते, धड माहेरी न्हाई धड सासरी न्हाई! मी आरशात पाहून ई-ऊ, ई-ऊ करून राहिले, तर घरधनी म्हणतो, "दात दुखतो का गं?" सांगा, जीभ कुठं ठेवावी बाईनं?

पण खरी तकलीफ पुढंच. पालथ्या व्हीच्या उदाहरणांत एक शब्द निघाला… आता कसा सांगू तुमाला? अर्थ म्हणे 'घाई कर'. आधी ह, मग तो पालथा व्ही, मागून री. जुळवा तुमीच! देवाचं नाव हाय, नरसीला कीर्तनात सारा गाव त्याचा गजर करतो, अन् मी एकटी तोंड मिटून टाळ बडवते. काहून? अवं, घरधन्याचंच नाव ते! अन् घाई म्हणाल, तर आंघोळीच्या पाण्यापाशी दुपार करणारा माणूस!

पद्मी म्हणते, "आत्याबाई, मामंजींचं नाव मी कसं घेऊ? तुमी म्हणून दाखवा." मी म्हणलं, "वा गं वा! तुझा सासरा, अन् माझा कोण लागतो?" दोघीबी त्या शब्दावरून टुणकन उडी मारायच्या, चिखलावरून मारतात तशी, अन् पुढच्या शब्दावर.

परीक्षेच्या दिवशी सोबत म्हणून आमी दोघं गेलो. घरधनी बाहेर लिंबाखाली, मी वऱ्हांड्यात खिडकीला चिकटून. परीक्षक सर औरंगाबादचे, इस्त्रीचा बुशकोट, चष्मा. एकेक चिठ्ठी दाखवत होते अन् पद्मी धडाधड वाचून राहिली, आखूड आखूड, लांब लांब, जोडस्वर असे वळवले की वा! अन् मग निघाली ती चिठ्ठी.

पद्मीनं चिठ्ठी पाहिली. खिडकीतून लिंबाखाली पाहिलं. डोईवरचा पदर पुढं ओढला, अन् लाजून म्हणते, "आमचे मामंजी."

सर म्हणाले, "काय?"

"मामंजी, सर."

"अहो बाई, इथं मामंजी कुठे लिहिलंय? स्वर कोणता आहे? वाचता येत नसेल तर तसं सांगा, नापास लिहितो."

नापास! मला समोर खुरपंच दिसलं हो! सांगा, अशा वक्ताला जीभ कुठं ठेवावी बाईनं? जिथं असल तिथून उचलली अन् खिडकीच्या गजातून वरडले, "हरी!"

सर दचकले. "आजी, परीक्षा तुमची नाही!"

"व्हय, पण नवरा माझा हाय!" मी म्हणलं. "पद्मे, मी म्हणलं, आभाळ पडलं का? म्हण!"

अन् पोरीनं डोळे मिटून म्हणलं, "हरी!" स्वच्छ, पालथ्या व्हीसकट! सर म्हणाले, "बरोबर," अन् पास लिहिलं. तेवढ्यात धाडधाड पावलं, आमचा म्हातारा दारात, धापा टाकत, एका पायात वहाण, "काय झालं? कोणी बोलावलं मला?"

आता पद्मी डोंगरकड्याला इंग्रजी शिकवते, खुरपं माळ्यावर. सगळं चांगलं झालं म्हणाल. पण म्हातारा? रोज संध्याकाळी ताट वाढून मी म्हणते, "अवं, जेवायला चला." हलत न्हाई! भिंतीला टेकून गालात हसतो अन् म्हणतो, "तसं न्हाई. परीक्षेत म्हणलीस तसं म्हण."

घ्या! सून पास होऊन सुटली, अन् या वयात रोजची तोंडी परीक्षा माझ्या नशिबी!