रिकाम्या ट्रेलरचं वजन

नाही, दंड झाला त्याचं मला काही नाही, पावती फाडली, घेतली, खिशात कोंबली... पण तुम्हाला सांगतो, सख्ख्या बायकोनं असं करावं? आणि ट्रेलर रिकामा होता हो, एक शेळीसुद्धा नव्हती त्यात!

झालं काय, आमच्या थुसोचं लग्न ठरलं. थुसो माझ्या बहिणीचा मुलगा, मी त्याचा मामा, आणि आमच्या घरात मुलीकडे द्यायच्या गाई मामानंच न्यायच्या. त्याही दुपारच्या आत, कारण मुलीचे काका फाटकाशी उभे राहणार आणि उशीर झाला की लग्नाची बोलणी बाजूला ठेवून आधी आमचा उद्धार करणार. म्हणून धाकट्या भावाचा, ओलेबिलेचा, गुरांचा ट्रेलर मागून आणला, माझ्या पिकअपला जोडला, शेजारी बायको गाओने, तिच्या मांडीवर गरम मगविन्यांची, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, पिशवी, आणि निघालो गुरांच्या तळावर गाई आणायला. आणायला! म्हणजे अजून आणल्या नव्हत्या, लक्षात येतंय ना?

झीरस्ट गावाच्या अलीकडे ट्रॅफिकवाली उभी. पोरगी हो, माझ्या लेकीच्या, नेओच्या वयाची. म्हणे, काका, परवाना. दिला. तिनं उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, मग ट्रेलरपाशी जाऊन वाकली आणि तिथं पत्र्याची पट्टी ठोकलेली असते ना, जन्मात कुणी वाचत नाही ती, ती वाचत बसली. परत आली नि म्हणाली, तुमच्या परवान्यावर साडेसातशे किलोपर्यंतचाच ट्रेलर ओढता येतो, हा दोन हजारांचा आहे. मी हसलो. म्हटलं, पोरी, दोन हजार कुठले, ट्रेलर रिकामा आहे, डोकावून बघ, थोडं शेण आहे, तेही वाळलेलं. तर काय म्हणते...

"काका, आत किती आहे ते बघत नाहीत. भरल्यावर किती होईल असं पट्टीवर लिहिलंय, ते बघतात."

ऐका! म्हणजे मी खानावळीत नुसतं पाणी प्यालो, तरी पोटाचा घेर बघून बिल लावणार का?

म्हटलं, माझा भाऊ वर्षानुवर्षं हाच ट्रेलर ओढतोय. ती म्हणाली, त्यांच्याकडे मोठा परवाना असेल. लावला भावाला फोन. तर सख्खा भाऊ विचारतो, "म्हणजे... गाडी तू चालवतोयस?" मी म्हटलं, मग काय गाई चालवणार? तो हळूच म्हणाला, "वहिनी आहे ना शेजारी?" आणि ठेवलाच फोन. मला वाटलं, घाबरला बिचारा.

इकडे ती पोरगी दंडाची पावती फाडून म्हणते, ट्रेलर इथंच सोडा, नाहीतर मोठ्या परवान्याचा माणूस बोलवा. ऊन चढलेलं. थुसोचे फोनवर फोन, मामा कुठं आहात, मामा ते काका खुर्च्या टाकून बसलेत... शेवटी मी टोपी काढली. या वयात, भर रस्त्यात, रिकाम्या ट्रेलरपायी! म्हटलं, माय, सोड, पोराचं लग्न मोडेल.

आणि गाओने काय करत होती? मगविन्या खात होती. हातातली संपवली, बोटं पुसली, पर्स उघडली आणि एक कार्ड काढून खिडकीतून त्या पोरीला दिलं. पोरीनं पाहिलं. "हे चालेल, मावशी," म्हणाली. "तुम्ही बसा चालवायला."

चालेल? काय चालेल? अहो, मोठा परवाना! ट्रेलरचा, गाओनेच्या नावाचा! ओलेबिलेनं शिकवलेलं, याच ट्रेलरवर. माझ्या बहिणीला माहीत, थुसोला माहीत, पास झाली तेव्हा चर्चच्या बायकांनी केक कापलेला. आणि मी? मी समजत होतो, दर शनिवारी ही गाण्याच्या सरावाला जाते...

म्हटलं, मला का नाही सांगितलंस?

"सांगितलं होतं. तुम्ही फुटबॉल बघत होतात. 'हं' म्हणालात."

आणि आत्ता? मी इथं त्या पोरीपुढं नाक घासत होतो तेव्हा?

"मला वाटलं, तुमचं बोलणं चाललंय. मध्ये कशाला बोला."

घ्या! एरवी टीव्हीवरच्या बातम्यांच्या मध्ये बोलते, पाद्र्याच्या मध्ये बोलते...

मग काय, ती स्टीअरिंगवर, मी शेजारी पिशवी धरून, पिशवीत उरलेली मगविनी एक. गाई चढवल्या, वेळेत पोचलो. फाटक असं अरुंद की ट्रेलर उलटाच आत घ्यायचा. तुम्ही घेतलाय कधी ट्रेलर उलटा? स्टीअरिंग इकडे फिरवलं की तो तिकडे पळतो. हिनं एका दमात घेतला. बायकांनी आनंदानं एकच गजर केला, आणि आमचा उद्धार करायला बसलेले ते काका उठून तिच्यासाठी दार उघडतायत! माझ्याकडे बोट दाखवून एकानं तिलाच विचारलं, "हे तुमच्याबरोबर आहेत का?"

लग्न झालं, छान झालं. आता थुसोच्या धाकट्या भावाचं ठरलंय. परवा घरात बैठक बसली आणि एकमतानं ठरलं, गाई मामी नेणार. मी म्हटलं, हरकत नाही, पण मी मामा आहे, माझा काही मान आहे की नाही? पुढे जागा नसेल तर मागे बसेन, ट्रेलरमध्ये, गाईंबरोबर.

गाओनेनं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "नको. वजन जास्त होईल."