साहेबांनी वाढवलेली मेमरी

आमच्या साहेबांचं सांगतो तुम्हाले, अजूनही आठवलं की डोकं फिरते. काटोलच्या एका डॉक्टरचे एक्स-रे आमच्या सर्व्हरवर राहत. सर्व्हर म्हणजे मोठ्या मशीनच्या पोटातली आभासी मशीन, डिस्कही तशीच आभासी. एक दिवस डॉक्टरचा फोन आला, "गुडघ्याच्या फोटोत अर्धी छाती दिसून राहिली! पेशंट समोर बसला आहे, मी काय पाहू?"

साहेब म्हणाले, "मेमरी वाढव." वाढवली, तं अजून फोटो बिघडले. साहेब म्हणाले, "कमी पडून राहिली असंन, अजून वाढव." मंग तं डॉक्टर शिव्याच द्यायले लागला.

माझ्या बाजूले बसणारी स्नेहा वैतागून म्हणाली, "काहून वाढवून राहिला गा? एकदा कमी करून तं पाह!"

पहिले होती त्याहूनही कमी केली, अन् बिघाड गायब! तिथंच समजलं. डिस्कचा ड्रायव्हर, म्हणजे डिस्क चालवणारा प्रोग्राम, फोटोचा मेमरीतला पत्ता लहानशा जागेत लिहीत होता. मेमरी मोठी झाली की पत्ता लांब व्हायचा, समोरचे आकडे कापले जायचे, अन् ड्रायव्हर भलत्याच ठिकाणचा फोटो उचलायचा. पत्त्याची जागा मोठी केली, फोटो पुन्हा चढवले, गुडघा गुडघ्यासारखा दिसला.

मी साहेबाले म्हटलं, "सर, मेमरी वाढवल्यानंच त्रास वाढत होता."

तर खुर्चीत रेलून म्हणतात कसे, "म्हणजे मी वाढवायले लावली नसती, तं तुले बग सापडलाच नसता ना?"

वैताग याचाच आहे गा, माणूस बरोबर बोलून राहिला होता.